तेरा बरे दिवस

घरात तिला ताई म्हणत आणि वॉर्डात सिस्टर. सव्वीस वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची नऊ कॅन्सरच्या वॉर्डात. नव्या मुली कामावर रुजू झाल्या की पहिला आठवडा त्यांना तिच्याच हाताखाली ठेवत. ती त्यांना सांगायची, "पेशंट कोण, औषध कुठलं, किती द्यायचं, कुठून द्यायचं आणि किती वाजता, हे पाच प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. आणि दिलं की तिथल्या तिथे लिहायचं. 'नंतर लिहिते' म्हणणारी मुलगी मला दाखवा, मी तुम्हाला चूक दाखवते."

तिने लग्न केलं नव्हतं. आई जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून बाबा तिच्याजवळच राहत होते. बाबांनी उभी हयात लिफ्टच्या दुरुस्तीत घालवली होती. चौथ्या मजल्यावरच्या घरात खुर्चीत बसल्या बसल्या ते भिंतीपलीकडून जाणाऱ्या लिफ्टचा आवाज ऐकत आणि म्हणत, "बेअरिंग गेलंय. कोणी तेल घालत नाही मेले." औषधांचंही तसंच. कुठली गोळी काय करते ते समजल्याशिवाय ती तोंडात टाकायची नाही, हा त्यांचा नियम. मग ताई समजावून सांगे आणि ते पाकिटावर जाड पेनने आपलं नाव लिहून ठेवत. ब्लड प्रेशरची गोळी म्हणजे 'व्हॉल्व्ह'. रक्त पातळ करणारी ती 'वंगण'. पायांवरची सूज उतरवणारी, लघवीला लावणारी ती 'पंप'. ॲसिडिटीच्या कॅप्सूलला काय म्हणावं हे दोन दिवस सुचेना, शेवटी 'वॉशर' लिहिलं.

बाबांच्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ हाडांपर्यंत पोचली, तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आणखी इंजेक्शनं आणि सलाइनी लावून उपयोग नाही. घरी न्या, वेदना होऊ देऊ नका. त्यानंतर आठवड्यातून दोनदा एक डॉक्टर घरी येऊ लागल्या. बोलायला साध्या, हसऱ्या, ताईला वॉर्डापासून ओळखणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. आठ पाकिटं निघाली. त्यातली सात त्यांनी बाजूला सरकवली.

"व्हॉल्व्ह काढला?" बाबा म्हणाले.

"तुमचं प्रेशर आता आपणहूनच कमी झालंय, काका. गोळीनं आणखी उतरलं तर उठताना चक्कर येईल, पडाल."

"आणि ही? ही तर रोज न चुकता घेतोय. कोलेस्टेरॉलची."

"ही गोळी दहा वर्षांनी हार्ट अटॅक येऊ नये म्हणून असते."

बाबांनी त्या पाकिटाकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि मोठ्याने हसले. "दहा वर्षं! मग घ्या काढून. उगाच कशाला भरती." डॉक्टरही हसल्या. ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. अशी पाकिटं तिने दुसऱ्यांच्या घरच्यांसमोर कितीदा बाजूला सरकवलेली पाहिली होती. त्या लोकांना तेव्हा नेमकं काय होत असेल हे तिला त्या दिवशी कळलं.

सातच्या जागी चार नवी आली. मॉर्फिनचं पातळ औषध, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून तोंडात, दर चार तासांनी. झोपताना दुप्पट, म्हणजे मधली झोप मोडायची नाही. मॉर्फिनने पोट हमखास बांधतं, म्हणून रोज जुलाबाचं औषध. पहिले काही दिवस मळमळ होते, म्हणून उलटी थांबवणारी गोळी, जेवणाआधी अर्धा तास. आणि सकाळी खाल्ल्यावर स्टेरॉइड, सूज उतरावी, भूक लागावी, अंगात जरा त्राण यावं म्हणून. वॉशर तेवढा कायम राहिला, कारण स्टेरॉइड पोटाला झोंबतं.

ताईचा धाकटा भाऊ चिमण. जन्मला तेव्हा दोन किलोसुद्धा नव्हता, म्हणून बाबांनी हे नाव पाडलं; पुढे तो ताडासारखा वाढला तरी नाव तेच राहिलं. तो दूर होता, विमानाने चार तास. शाळेत गणित शिकवायचा. आई गेल्यावर महिन्याभरातच त्याने तिकडची नोकरी धरली होती. तेव्हा बाबा त्याला म्हणाले होते, "जा. मला माझी मुलगी पुरे आहे." माणूस रागात बोलून जातो आणि विसरतो, पण ऐकणारा विसरत नाही. चिमण दर सुट्टीत येत राहिला, बाबांसाठी स्वेटर आणत राहिला, दोघे शेजारी बसून बातम्या बघत राहिले. त्या वाक्याबद्दल बारा वर्षांत कोणी चकार शब्द काढला नाही.

स्टेरॉइड लागू पडलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी नाश्त्याला दोन अंडी मागितली. पाचव्या दिवशी स्वतः दाढी केली. आवाजात जुनी धार आली. त्याच दिवशी चिमणचा फोन आला, आणि बाबांशी बोलून झाल्यावर त्याने ताईला फोन द्यायला सांगितलं.

"ताई, काय गं हा आवाज! मागच्या महिन्यात बोलताना धाप लागत होती. मॉर्फिन चालू केलं म्हणालीस तेव्हा मी घाबरलोच होतो. पण हे तर सुधारतायत."

"भूक लागतेय. झोप होतेय. दुखत नाहीये."

"मी आत्ता येऊ का? परीक्षा चालू आहेत, पण रजा मागितली तर मिळेल."

ताईने खिडकीशी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. ते संत्रं सोलत होते, साल अखंड निघावी म्हणून जीभ दातांत धरून.

"परीक्षा संपवूनच ये," ती म्हणाली. "बरे आहेत ते."

असे तेरा दिवस गेले. ताईने रजा घेतली होती. चौदाव्या दिवशी बाबांनी अंडं अर्धंच खाल्लं. सतराव्या दिवसापासून ते अंथरुणातून उठले नाहीत. गिळताना ठसका लागू लागला तसं डॉक्टरांनी तोंडातून द्यायची औषधं बंद केली. दंडाच्या कातडीखाली एक बारीक सुई बसवून ती चिकटपट्टीने पक्की केली, म्हणजे दर वेळी टोचायला नको. मॉर्फिन आता त्यातून, सकाळी आठ, दुपारी बारा, चार, पुन्हा आठ, असं. पातळ औषधापेक्षा कमी, कारण कातडीखालून दिलेलं जास्त लागू पडतं. ताप आला तर पॅरासिटामॉलची मेणासारखी गोळी, गुदद्वारातून. वडिलांना ती देताना ताई आधी सांगायची, "बाबा, आता जरा कुशीवर वळवते हं." बाबा डोळे मिटूनच म्हणायचे, "वळव. तू सिस्टर आहेस, मी काय बोलणार."

चिमण एकविसाव्या दिवशी पोचला. खांद्यावरची बॅग खाली न ठेवताच दारात उभा राहिला. फोनवर कडाडणारे बाबा पलंगावर तोंड उघडं टाकून झोपले होते. गालांत खळगे पडले होते.

"हे काय झालं?" तो हळूच म्हणाला. "दहा दिवसांपूर्वी ते मला सिमेंटच्या भावावरून शिव्या घालत होते."

"आजार पुढे गेला, चिमण."

"आजार? का तुझं ते औषध?"

ताईने त्याला बसवून सगळं सांगितलं. झोप औषधाची थोडी आणि शेवटाकडे जाणाऱ्या शरीराची जास्त. व्यसन वगैरे लागत नाही. मात्रा दुखण्याच्या मापाने ठरवलेली आहे, ताईच्या मनाने नाही. तो ऐकत होता, पण त्याची नजर दंडावरच्या सुईवर होती. मग त्याने एकामागून एक विचारायला सुरुवात केली. सलाइन का नाही? ते फुप्फुसात साठेल, घरघर वाढेल. ब्लड प्रेशरची गोळी का बंद केली? सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी? सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "एक दिवस बंद ठेवून तर बघ. जागे होतील."

"जागे होतील, चिमण. ओरडत जागे होतील."

दोन दिवस तो बाबांच्या उशाशी बसून राहिला. मध्ये मध्ये वाकून म्हणायचा, "बाबा, मी आलोय." एकदा बाबांनी डोळे उघडले, त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि पुन्हा मिटले. ओळखलं की नाही, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा श्वास थांबून थांबून येऊ लागला. चार-पाच श्वास भराभरा, मग काहीच नाही, मग पुन्हा. घशात घरघर होती, तिच्यासाठी ताईने जिभेखाली थेंब टाकले. चार वाजले. खालच्या रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका झाला. कूस बदलून देताना बाबा कण्हले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ताईने अँप्युल फोडली, औषध ओढलं, मात्रा उजेडात धरून पाहिली.

चिमण उठला. "थांब. आत्ता कशाला? झोपलेत ना?"

"झोपलेत, पण दुखतंय. कपाळ बघ."

"राहू दे ना गं. एक वेळ चुकली तर काय आभाळ कोसळतंय? जरा शुद्धीवर येऊ देत."

"नाही येणार ते शुद्धीवर."

"तू नको ठरवूस!"

तिने पाच प्रश्न मनात म्हटले. बाबा. मॉर्फिन. नेहमीचीच मात्रा. कातडीखालून. चार वाजता. तिने औषध सावकाश सोडलं आणि वहीत लिहिलं. कपाळावरची आठी दहा-बारा मिनिटांत उलगडली. चार पंचविसला एक श्वास गेला आणि पुढचा आलाच नाही.

ताईने मनगट धरून ठेवलं. समोरच्या काकू तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन आत आल्या होत्या. चिमण त्यांच्याकडे वळून म्हणाला, "काकू, मी नको म्हणत होतो. हिनं सुई दिली आणि ते गेले. माझ्या डोळ्यांदेखत."

काकूंच्या हातात थर्मास तसाच राहिला. या घडीला काय बोलायचं ते ताईला पाठ होतं. वॉर्डात कोणाची तरी आई जाते, मुलगा विचारतो, तुम्ही आत्ताच काहीतरी दिलंत ना? तेव्हा ती त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगायची की दर चार तासांनी औषध दिलं तर कुठलं ना कुठलं शेवटचं असणारच. ते शेवटचं होतं, म्हणून त्याच्यानं झालं असं नसतं. शेकडो वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी ते वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं.

सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी चिमण निघून गेला. पोचल्याचा फोन केला नाही. ताईने केलेले त्याने उचलले नाहीत.

तिने वही काढून सगळ्या मात्रा पुन्हा पुन्हा तपासल्या. रिकाम्या अँप्युल मोजल्या, बरोबर भरल्या. मग वही घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पानं शेवटपर्यंत वाचली.

"हे तू मला शिकवावंस, सिस्टर. यात बोट ठेवायला जागा नाही. दुपारपासून श्वास तसा येत होता म्हणतेस ना? मग तू दिलं नसतंस तरी ते त्याच सुमाराला गेले असते. कळवळत गेले असते, एवढाच फरक."

"मला माहीत आहे."

"मग?"

"माहीत आहे, पण पटत नाही," ताई म्हणाली.

रजा संपवून ती कामावर गेली. पहिले दोन आठवडे ठीक गेले. मग एका दुपारी एका म्हाताऱ्या बाईंना मॉर्फिन द्यायचं होतं. ताईने औषध ओढलं, नियमाप्रमाणे दुसऱ्या सिस्टरला दाखवलं, सही घेतली. कॉटपाशी गेली आणि परत आली. केसपेपर पुन्हा वाचला. पुन्हा गेली. त्या बाईंचं कपाळ, मिटलेले डोळे, उशाशी बसलेली मुलगी. ताईचा हात पुढे होईना. ती पुन्हा केसपेपरकडे आली. असं किती वेळ चाललं ते तिला कळलं नाही. त्या मुलीने येऊन तिच्या कोपराला हात लावला तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती.

"सिस्टर, लवकर द्या ना हो. आई रडतेय."

दुसरीने तिच्या हातातून सिरिंज घेतली आणि जाऊन दिली. ताई औषधांच्या खोलीत स्टुलावर बसली. वीस मिनिटं. तिच्यामुळे एक म्हातारी बाई वीस मिनिटं रडली होती. संध्याकाळी तिने मेट्रनला बदलीचा अर्ज दिला. मेट्रननी पुष्कळ समजावून पाहिलं, पण ताई ऐकेना. तिला लसीकरणाच्या खोलीत पाठवलं. तिथे तान्ही मुलं यायची. कोणाला तोंडात थेंब, कोणाला मांडीत सुई. मुलं टाहो फोडायची आणि दोन मिनिटांत आईच्या खांद्यावर गप्प व्हायची. ताईचा हात तिथे कधी थांबला नाही. माता म्हणायच्या, तुमच्या हातची सुई दुखत नाही हो. ताई मान हलवायची.

आठ महिन्यांनी एका रविवारी चिमणचा फोन आला.

"ताई. कशी आहेस?"

"आहे."

"मी आमच्या इथल्या एका डॉक्टरांना सगळं सांगितलं. आठवत होतं तेवढं सगळं. किती मात्रा, किती वाजता, श्वास कसा होता. ते म्हणाले, तुमच्या बहिणीनं केलं त्याहून वेगळं मीही केलं नसतं. काकूंसमोर मी जे बोललो ते…"

"जाऊ दे रे."

"नाही, ऐक. मला खरं तर मॉर्फिनशी काही घेणंदेणं नव्हतं. मला फक्त एक तास हवा होता गं. ते जागे असतील असा एक तास. विमानात मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. बारा वर्षं मनात होतं. म्हणणार होतो, मी पळून नव्हतो गेलो, मला त्या घरात आईशिवाय बसवत नव्हतं. एवढंच. आणि तू दर चार तासांनी माझा तो तास घेऊन जात होतीस, असं मला वाटत होतं."

ताई पलंगाच्या कडेला बसली. आता गप्प राहिलं तर सगळं मिटेल, हे तिला दिसत होतं. तो माफी मागत होता, तिने ती घ्यायची होती फक्त.

"चिमण, तुझा तास मी घेतलाच," ती म्हणाली. "पण त्या तीन दिवसांत नाही. त्याआधी."

"म्हणजे?"

"ते बरे झाले होते ना मध्ये? अंडी खात होते, तुला शिव्या घालत होते. ते स्टेरॉइडमुळं होतं. तसे दिवस येतात आणि जातात. दोन आठवडे, फार तर तीन. वॉर्डात मी स्वतः घरच्यांना बाजूला घेऊन सांगते, ज्याला बोलवायचंय त्याला आत्ता बोलवा, मागाहून उपयोग नाही. तू विचारलंस, येऊ का? आणि मी म्हटलं, परीक्षा संपवूनच ये."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग का, ताई?"

"ते माझ्याशी बोलत होते रे. दिवसभर. लहानपणी ते रात्रंदिवस कामावर, मग मी ड्यूटीवर. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं समोर बसवून कधी काही सांगितलं नव्हतं. तू आला असतास तर ते तुझ्याशी बोलले असते. मला ते दिवस कोणाला द्यायचे नव्हते. तुझा राग खरा होता. फक्त तू चुकीच्या गोष्टीवर रागावला होतास. म्हणून मला उत्तर देता आलं नाही."

"ठेवतो मी," चिमण म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तीन आठवडे काही नाही. ताई कामावर जात होती, येत होती. आता तो कधीच बोलणार नाही असं तिने मनाशी धरलं होतं. मग पुन्हा एका रविवारी फोन वाजला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"ते तेरा दिवस मला सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

तिने सांगितलं. दीड-दोन तास सांगत होती. नवव्या वर्षी बाबा घरातून पळून गेले होते आणि स्टेशनवरूनच परत आले, ते. पहिल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरले तेव्हा किती घाबरले होते, ते. आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या एका चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि ती चप्पल हातात घेऊन आई ऐटीत चालली होती, ते. चिमण मधूनच हसत होता, मधूनच नाक ओढत होता.

"आणि माझ्याबद्दल?" शेवटी त्याने विचारलं. "माझं नाव निघालं का कधी?"

ताईला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. काहीतरी गोड रचून सांगावं असं तिच्या मनात येऊनही गेलं.

"अकराव्या दिवशी," ती म्हणाली. "जेवताना म्हणाले, चिमणला एक सांगायचंय. मी म्हटलं, मला सांगा, मी निरोप देते. तर म्हणाले, नको. तो आला की मीच सांगेन."

"काय सांगायचं होतं?"

"नाही माहीत. मी विचारलं नाही."

चिमणने फोन ठेवला नाही आणि तिनेही ठेवला नाही.

आता त्याचा फोन दर रविवारी येतो. घरी मात्र तो अजून आलेला नाही. ताईही ये म्हणत नाही. शाळेचं, हवेचं, तब्येतीचं बोलणं होतं. कधी कधी मध्येच तो थांबतो आणि विचारतो, "त्यांना सांगायचं होतं ते आईबद्दल काही असेल का गं?"

"असेल," ती म्हणते.

"का नुसतंच सिमेंटच्या भावाचं?"

"तेही असेल, चिमण."